मदत हवी आहे : साथीपूर्वीची आणि साथीतील मार्गनिहाय बसप्रवासी आकडेवारी

कोविडच्या साथीत पुणेकरांचा रोजचा प्रवास बसकडून दुचाकीकडे किती वळला, याचा मी अभ्यास करत आहे. मोबाइलच्या स्थाननोंदींवरून लोकांची ये-जा किती घटली-वाढली हे दाखवणारे गूगलचे मोबिलिटी अहवाल पाहिले. परंतु ते जिल्हानिहाय असल्याने शहरातले स्वारगेट आणि ग्रामीण भागातले जुन्नर एकाच आकड्यात मिसळतात, शिवाय त्यांतील तुलना ३ जानेवारी ते ६ फेब्रुवारी २०२० या पाच आठवड्यांशी असल्यामुळे जुलैमधली घट साथीची की पावसाची, हे ठरवता येत नाही. सरकारच्या ‘वाहन’ या वाहननोंदणी पोर्टलवर दुचाकींची नोंदणी कळते, पण घेतलेली गाडी रोज बाहेर निघते का, हे कळत नाही, आणि माझ्या दृष्टीने खरा मुद्दा तोच आहे. बसप्रवाशांच्या वार्षिक बेरजा पुरेशा नाहीत, कारण हिंजवडीत घरून काम करू लागलेले अभियंते आणि बसखेरीज पर्याय नसलेल्या घरकामगार महिला त्या बेरजेत एकच होऊन जातात. नव्या सर्वेक्षणासाठी निधी नाही. मेट्रो ६ मार्च २०२२ रोजी सुरू झाल्याने त्यापूर्वीचाच काळ घेणार आहे.

पीएमपीएमएलच्या (पुण्याची शहर बससेवा) तिकीट यंत्रांमधील २०१९ ते २०२१ या काळातील मार्गनिहाय आणि तासनिहाय प्रवासीसंख्या कोणी मिळवली आहे का, आणि माहिती अधिकाराच्या अर्जात ती नेमक्या कोणत्या शब्दांत मागावी?