लॅटिनो मते कोणाची, हे आधीच ठरवून टाकण्याची सवय

वाटसरू

अमेरिकेच्या टेक्सास राज्यातील स्टार काउंटी (आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा विभाग) मेक्सिकोच्या सीमेला लागून, रिओ ग्रांद नदीच्या काठी आहे आणि तिथली सुमारे ९७ टक्के वस्ती लॅटिनो, म्हणजे लॅटिन अमेरिकी मुळांची, आहे. २०१६ च्या अध्यक्षीय निवडणुकीत तिथे डेमोक्रॅट हिलरी क्लिंटन यांना ७९ टक्के मते मिळाली होती, रिपब्लिकन ट्रम्प यांना अवघी १९. २०२४ मध्ये मात्र तीच काउंटी ट्रम्प यांनी जिंकली. १८९२ नंतर रिपब्लिकन उमेदवाराला तिथे मिळालेला हा पहिलाच विजय. मधल्या काळात सीमेवरची भिंत आणि हद्दपारी यांविषयीची त्यांची भाषा मवाळ झाली नव्हती, उलट अधिकच कडक झाली होती. तेव्हा स्थलांतर हाच लॅटिनो मतदाराच्या जिव्हाळ्याचा प्रश्न असतो, हे गृहीतक तपासून पाहायला हवे.

हे गृहीतक दोन्ही पक्षांनी सारख्याच श्रद्धेने जपले. २०१२ मध्ये अध्यक्षपदाचे रिपब्लिकन उमेदवार मिट रॉम्नी हरल्यावर रिपब्लिकन पक्षाच्याच समितीने २०१३ च्या अहवालात, स्थलांतर कायद्यात सुधारणा केल्याशिवाय ही मते मिळणार नाहीत, असा निष्कर्ष काढला होता. ट्रम्प यांनी नेमके उलट केले आणि तरीही त्यांची मते वाढली. नदीकाठच्या अनेक कुटुंबांची मुळे अमेरिका-मेक्सिको यांच्यातल्या १८४८ च्या तहाने आजची सीमा ठरली त्याच्याही आधीपासून तिथे आहेत. त्यांची मुले तेलविहिरींवर किंवा अमेरिकेच्या सीमा सुरक्षा दलात नोकरी करतात. त्या दलातले निम्म्याच्या आसपास जवान लॅटिनोच आहेत. कागदपत्रांविना नदी ओलांडणारा माणूस केवळ आपली भाषा बोलतो म्हणून त्यांना आपला वाटेलच, असे का मानावे? अमेरिकेच्याच ताब्यातल्या प्वेर्तो रिको बेटाचे लोक तर १९१७ पासून अमेरिकेचे नागरिकच आहेत, त्यांच्यापुरता व्हिसाचा प्रश्न उद्भवतच नाही. क्यूबातली साम्यवादी राजवट सोडून मायामीत आलेल्या क्यूबनांना डेमोक्रॅट म्हटले की समाजवाद आठवतो. इतक्या वेगवेगळ्या लोकांची मिळून एक मतपेढी मानणे मला निव्वळ आळस वाटतो.

टीपकागद

एक गृहीतक मोडताना आपण दुसरे मांडले आहे. मायामीतले क्यूबन रिपब्लिकनच, तर मायामी-डेड काउंटीत २०१६ मध्ये क्लिंटन सुमारे तीस टक्क्यांच्या फरकाने कशा जिंकल्या? तिथे सगळे लॅटिनो क्यूबन नाहीत हे मान्य, पण क्यूबनांची मतेही वर्षागणिक हलत आलेली आहेत.

स्टार काउंटीच्या आकड्यांतही एक मेख आहे. टेक्सासमध्ये २०२० पर्यंत एका खुणेत एकाच पक्षाच्या सर्व उमेदवारांना मत देण्याची सोय होती. काउंटीतली सगळी स्थानिक सत्ता डेमोक्रॅटांकडे असल्यामुळे, ज्याला शेरीफ (काउंटीचा निवडून येणारा पोलीसप्रमुख) आपल्या ओळखीचा हवा तो तीच एक खूण करून मोकळा होई, आणि त्याचे अध्यक्षपदाचे मतही त्याच खुणेत जाई. ही सोय बंद झाल्यावर जे दिसले त्यातले काही आधीपासूनच तिथे झाकलेले असणार.

लॅटिनो म्हणून एकत्र मतदान होतच नाही, हेही खरे नाही. कॅलिफोर्नियात १९९४ मध्ये गव्हर्नर पीट विल्सन यांच्या पाठिंब्याने १८७ क्रमांकाचा प्रस्ताव मतदारांपुढे आला. बेकायदा राहणाऱ्यांना सरकारी शाळा आणि तातडीचे सोडून इतर उपचार नाकारणारा तो प्रस्ताव सुमारे ५९ टक्के मतांनी मंजूरही झाला. न्यायालयाने तो लगेच अडवला, पण तोवर वर्षानुवर्षे नागरिकत्व न घेतलेल्या असंख्य लोकांनी पुढच्या काही वर्षांत अर्ज करून मतदारयादीत नावे घातली. डिवचले की ही माणसे एक होतात.

पैलतीर

मी न्यू जर्सीत राहतो. आमच्या गोदामातले डॉमिनिकन (कॅरिबियनमधल्या डॉमिनिकन रिपब्लिकचे) सहकारी २०२४ मध्ये सीमेविषयी फारसे बोलतच नव्हते. बोलणे असायचे ते घरभाड्याचे, अंड्यांच्या भावाचे आणि ओव्हरटाइम कमी झाल्याचे. त्या वर्षी न्यू जर्सीतल्या पॅसेइक काउंटीने ट्रम्प यांना कौल दिला, आणि १९९२ नंतर तिथे प्रथमच रिपब्लिकन उमेदवार जिंकला. लगेच ‘कायमचे स्थित्यंतर’ असे लेख सुरू झाले. पुढच्याच वर्षी गव्हर्नरच्या निवडणुकीत हीच काउंटी डेमोक्रॅट मिकी शेरिल यांच्यामागे भक्कमपणे उभी राहिली. यांना ‘परत आलेले’ म्हणणेही मला पटत नाही, कारण ते कोणाच्या घरचे नव्हतेच. (‘भारतीय मते कोणाकडे’ ही चर्चा टीव्हीवर लागली की एडिसन गावातल्या आमच्या भारतीय मंडळींना हसू येते, तेव्हा हे आपल्याला नवे नाही.)

वाटसरू

एका खुणेच्या सोयीने पाच-दहा टक्क्यांचा फरक समजावता येईल, साठ टक्क्यांची आघाडी कशी विरली ते नाही. शिवाय २०२४ मध्ये स्टार काउंटी ज्यात येते तो २८ वा मतदारसंघ ट्रम्प यांनी जिंकला आणि काँग्रेसची, म्हणजे अमेरिकी संसदेची, जागा मात्र डेमोक्रॅट हेन्री कुएलार यांनीच राखली. मतपत्रिका एक आणि पक्ष दोन, याला डिवचल्यावर एक होणारा समाज म्हणायचे की उमेदवार पाहून मत देणारे मतदार? कॅलिफोर्नियाचेच उदाहरण हवे असेल, तर सीमेवरची लॅटिनोबहुल इंपीरियल काउंटीही २०२४ मध्ये ट्रम्प यांच्याकडे गेली.

टीपकागद

गेली, पण अगदी थोडक्यात. प्यू या जनमत-संशोधन संस्थेने प्रत्यक्ष मतदान केलेल्यांची जी पाहणी केली, तीनुसार २०२४ मध्येही डेमोक्रॅट उमेदवार कमला हॅरिस यांना लॅटिनोंची ५१ टक्के आणि ट्रम्प यांना ४८ टक्के मते होती, तर गोऱ्या मतदारांत ट्रम्प बरेच पुढे होते. फरक आटला आहे, संपलेला नाही.

आणि आपण कितीही म्हटले की लॅटिनो हा एक गट नाही, तरी सरकार त्यांना एक गट मानून वागले की तो गट तयार होतो. सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लॉस एंजेलिसमधल्या स्थलांतरितांच्या धरपकडीवर खालच्या न्यायालयाने घातलेले निर्बंध स्थगित केले. माणसाची वंशीय ठेवण, त्याची स्पॅनिश किंवा परक्या उच्चारातली इंग्रजी, एवढ्यावरच कोणाला अडवू नये, असे ते निर्बंध होते. रस्त्यात थांबवणारा अधिकारी समोरचा माणूस १८४८ च्या आधीचा आहे की प्वेर्तो रिकोचा, हे आधी विचारत नाही.

टेक्सासने २०२५ च्या ऑगस्टमध्ये मतदारसंघांची नवी आखणी केली. काँग्रेसच्या पाच जास्तीच्या जागा मिळवण्याचा तिचा हिशेब दक्षिणेकडची २०२४ ची लॅटिनो मते रिपब्लिकन पक्षाकडेच राहतील, यावर बऱ्याच अंशी बेतलेला आहे. आपण ज्याला आळस म्हणालात, तो आता नकाशावर रेषा ओढून कायदा झाला आहे.