मदत हवी आहे : प्लेटिंगचं पाणी घातलं आणि एमएफसी बंद पडला

मृद्गंध२४
एमएस्सी पर्यावरणशास्त्राचा प्रोजेक्ट आहे. दोन कप्प्यांचा मायक्रोबियल फ्युएल सेल (एमएफसी, म्हणजे जिवाणूंपासून वीज मिळवणारा सेल), प्रत्येक कप्पा अर्ध्या लिटरचा, मध्ये नॅफिऑनचा पडदा. अठरा दिवस ०.४२ व्होल्ट स्थिर होते. सोमवारी काकांच्या प्लेटिंगच्या (धातूवर मुलामा द्यायच्या) दुकानातलं सांडपाणी घातलं, मंगळवारी सकाळी ०.०३. वायरी तपासल्या, मल्टिमीटरही बदलला. सबमिशनला चार आठवडे आहेत. लवकर सांगा, प्लीज.

सूक्ष्मदर्शी
धातू कुठला? लिटरला किती मिलिग्रॅम? पीएच? रेझिस्टर कितीचा? आणि पाणी कुठल्या कप्प्यात घातलंत?

प्लेटिंगवाला
ताई, क्रोम असेल तर एवढा खटाटोप कशाला? पीएच अडीचवर आणायचा, सोडियम मेटाबायसल्फाइट टाकायचं. पिवळ्याचं हिरवं झालं की चुन्याने पीएच साडेआठ. गाळ खाली बसतो, तो फिल्टर प्रेसमधून काढून रांजणगावला घातक कचऱ्याच्या केंद्रात पाठवायचा. बावीस वर्षं हेच करतोय.

सूक्ष्मदर्शी
अहो, त्यांनी ते विचारलेलंच नाही. तुमच्या पद्धतीत रसायन विकत घ्यावं लागतं. इथे जिवाणू सांडपाण्यातली घाण खातात आणि तेच इलेक्ट्रॉन देतात.

प्लेटिंगवाला
माझ्याकडे रोज हजार लिटर धुण्याचं पाणी निघतं. ते अर्ध्या लिटरच्या डब्यात कधी मावणार?

ओढ्याकाठी
आमच्याकडे जलपर्णी खूप माजली आहे. ती जड धातू शोषते म्हणतात. पिंपात सोडून बघा.

सूक्ष्मदर्शी
शोषते. पण मग धातूने भरलेली जलपर्णी कुठे टाकायची? धागाकर्ती कुठे गेल्या?

मृद्गंध२४
प्रॅक्टिकल होतं. हेक्साव्हॅलंट क्रोमियम (क्रोमियम सहा), लिटरला साधारण १०० मिलिग्रॅम. रेझिस्टर १००० ओहम. पाणी अर्थातच अ‍ॅनोडमध्ये घातलं, जिवाणू तिथेच आहेत ना! आणि पिवळा रंग गेलाय, म्हणजे ट्रीटमेंट झाली आहे. फक्त व्होल्टेज का पडलं ते सांगा.

सूक्ष्मदर्शी
तिथेच घोळ झाला. क्रोमियम सहा जिवाणूंना विषारी आहे, तुमचा जिवाणूंचा थर मेला असणार. ते पाणी कॅथोडच्या, म्हणजे दुसऱ्या कप्प्यात हवं. जिवाणूंनी दिलेले इलेक्ट्रॉन तारेतून तिकडे येतात आणि क्रोमियम सहाचं कमी विषारी क्रोमियम तीन होतं. रंग गेला तो गाळातल्या सेंद्रिय पदार्थांमुळेही जातो. क्रोमियम नाहीसं झालेलं नाही, तीन होऊन तिथेच बसलंय. डायफिनाइल कार्बाझाइडची चाचणी फक्त सहा दाखवते. एकूण क्रोमियम एएएसवर (धातू मोजायच्या यंत्रावर) मोजा. नदीनाल्यात सोडायच्या पाण्याला मर्यादा लिटरला सहासाठी ०.१ मिलिग्रॅम आणि एकूण क्रोमियमसाठी २.
घाईही करू नका. ०.४२ व्होल्ट १००० ओहमवर म्हणजे ०.४२ मिलिअँपियर. अर्ध्या लिटरात ५० मिलिग्रॅम क्रोमियम, अणूमागे तीन इलेक्ट्रॉन. एकही वाया गेला नाही तरी जवळपास पावणेआठ दिवस लागतील. कॅथोडचा पीएच २ ठेवा, नाहीतर इलेक्ट्रोडवर हायड्रॉक्साइडचा थर चढून प्रवाह थांबतो.

निवृत्त_मास्तर
१९११ मध्ये इंग्लंडमधल्या डरॅम विद्यापीठाच्या पॉटर यांनी जिवाणूंपासून वीज मिळवली होती. आमच्या गोबरगॅसच्या टाकीत इलेक्ट्रोड सोडले तर मोबाइल चार्ज होईल का?

सूक्ष्मदर्शी
मास्तर, चार्जरला पाच वॅट लागतात. यांच्या सेलमधून मिळत होते ०.१८ मिलिवॅट.

मृद्गंध२४
मग पिंपातलं उरलेलं पाणी आज अ‍ॅसिड घालून पीएच २ ला आणते. त्यात झिंकचंही (जस्ताचंही) पाणी आहे, तेही कॅथोडवर निघेल ना?

प्लेटिंगवाला
थांबा! अ‍ॅसिड घालू नका! झिंकची बाथ (मुलाम्याचं द्रावण) सायनाइडची आहे का? लहान दुकानांत अजून असते, आणि त्याच जॉबवर पिवळं पॅसिव्हेशन (गंज रोखणारा थर) क्रोमने करतात. सायनाइडच्या पाण्यात अ‍ॅसिड पडलं तर हायड्रोजन सायनाइड वायू निघतो. बंद खोलीत जीव जाईल. माझं वरचं मेटाबायसल्फाइटही त्या पिंपाला चालणार नाही, तेही आम्लातच करायचं असतं. आधी दुकानात विचारा.

सूक्ष्मदर्शी
यांचं शंभर टक्के बरोबर आहे. पीएच २ सांगण्याआधी मीच विचारायला हवं होतं. आणि झिंक असं निघणार नाही. त्याचं पोटेन्शियल उणे ०.७६ व्होल्ट, तुमचे जिवाणू फार तर उणे ०.३ पर्यंत जातात. बाहेरून वीज द्यावी लागेल. तांबं असतं तर आपोआप निघालं असतं.

मृद्गंध२४
काकांना फोन केला. सायनाइडचीच बाथ आहे आणि दोन्ही धुणी एकाच पिंपात जमा होतात. आम्लाची बाटली उघडली नव्हती. सरांना सांगितलं, खोलीला कुलूप लावलंय.

प्लेटिंगवाला
काकांना सांगा, उद्यापासून दोन पिंपं. सायनाइडचं पाणी पीएच दहाच्या वर ठेवून हायपोक्लोराइटने मोडायचं, क्रोमचं वेगळं. कॉलेजातलं पिंप काकांनीच परत न्यावं. बेसिनमध्ये ओतू नका.

मृद्गंध२४
हो, उद्या ते स्वतः येताहेत. आता पोटॅशियम डायक्रोमेटचं (त्यात क्रोमियम सहाच असतं) पाणी बनवून वापरीन. पण नवा थर धरायला पुन्हा अठरा दिवस गेले तर?

सूक्ष्मदर्शी
तुमच्या विभागात आणखी कुणाचा सेल चालू आहे का? त्याच्या अ‍ॅनोडमधलं पाणी आणि इलेक्ट्रोडच्या फेल्टचा (जिवाणू बसलेल्या नमद्याचा) एक तुकडा मागून घ्या. नुसत्या शेणकाल्यापेक्षा लवकर धरेल. लिटरला एक ग्रॅम सोडियम अ‍ॅसिटेट द्या आणि हवा आत जाऊ देऊ नका.

मृद्गंध२४
वरच्या मजल्यावर एका सीनियरचा आहे. आत्ताच जाते.