जनुकीय की आनुवंशिक?

शब्दांकुर
एका आरोग्यविषयक लेखाचं मुद्रितशोधन करते आहे. पहिल्याच परिच्छेदात वाक्य आहे, 'कॅन्सर हा मुळात आनुवंशिक आजार आहे.' दोन परिच्छेद खाली, 'जेमतेम ५ ते १० टक्के कॅन्सर आनुवंशिक असतात.' लेखक म्हणतात, दोन्ही बरोबर आहेत, हात लावू नका. मला तर त्यातलं एक खोटं असल्याशिवाय दुसरं खरं होईना. शिवाय त्यांनी सगळीकडे 'अनुवंशिक' लिहिलंय, त्याचं मी 'आनुवंशिक' करत सुटले आहे. निदान तेवढं तरी बरोबर ना?

काना-मात्रा
बरोबर. अनुवंशाला 'इक' लागला की पहिल्या स्वराची वृद्धी. अनुषंग, आनुषंगिक, तसंच.

पेशीबखर
लेखकांना म्हणायचंय ते बरोबर, शब्द चुकलाय. पहिल्या वाक्यात 'जनुकीय' हवं, दुसऱ्यात 'आनुवंशिक'च हवं.

जनुकीय म्हणजे जनुकांशी संबंधित, बास. ते जनुक कुठल्या पेशीतलं, कधी बिघडलं, पुढच्या पिढीत गेलं का, यातलं काहीही त्या शब्दात नाही. आनुवंशिक म्हणजे आईच्या किंवा वडिलांच्या बीजपेशीतून आलेलं, आणि म्हणून शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत असणारं.

आता कॅन्सरकडे या. पेशी दुभंगण्याआधी आपल्या डीएनएची नक्कल करते. आईकडचा आणि वडिलांकडचा, असे दोन्ही संच धरले तर सुमारे ६ अब्ज अक्षरं. त्यात चुका होतात, बहुतेक दुरुस्त होतात, थोड्या राहून जातात. तंबाखूचा धूर, अतिनील किरण त्यात भर घालतात. अशी चूक फुप्फुसातल्या एखाद्या पेशीत राहिली, तर ती त्या पेशीच्या लेकी-नातींपर्यंत जाते, माणसाच्या लेकी-नातींपर्यंत नाही. जनुकीय आहे, आनुवंशिक नाही.

बहुतेक चुकांनी काहीच बिघडत नाही. पण काही जागा नाजूक असतात. 'रास' जनुकातलं एकच अक्षर बदललं की पेशीला 'वाढ, वाढ' हा निरोप अखंड मिळत राहतो. मूत्राशयाच्या कॅन्सरच्या पेशींमध्ये हे १९८२ मध्ये दिसलं. त्याआधी १९७६ मध्ये बिशप आणि वार्मस या शास्त्रज्ञांनी दाखवलं होतं, की कोंबड्यांना कॅन्सर करणाऱ्या विषाणूतलं 'सार्क' जनुक मुळात कोंबडीच्याच निरोगी पेशीतलं, विषाणूने उचललेलं. मला विचाराल तर या विषयातला हा सगळ्यांत मोठा धक्का. 'कॅन्सरचं जनुक' असं लिहिलेलं खटकतं ते त्यामुळेच. ते जनुक कॅन्सरसाठी नसतंच. ते पेशीच्या रोजच्या वाढीचं काम करत असतं आणि बिघडतं.

दुसऱ्या बाजूला वाढ अडवणारी जनुकं. यांच्या दोन प्रती असतात, एक आईकडची, एक वडिलांकडची, आणि सहसा दोन्ही निकामी झाल्याशिवाय अडवणूक संपत नाही. 'पी५३' या प्रथिनाचं जनुक त्यातलं. साधारण निम्म्या कॅन्सरमध्ये ते बिघडलेलं सापडतं. आणि हे सगळं एका फटक्यात होत नाही. एका पेशीत एक बदल, तिच्या असंख्य वंशजांपैकी एकीत दुसरा, तिच्या वंशजांत तिसरा. ज्या पेशी जास्त वाढतात त्यांचीच संख्या फुगते, पुढचा बदलही त्यांच्यातच होण्याची शक्यता वाढते. याला वर्षं, कधी दशकं लागतात. बहुतेक कॅन्सर उतारवयात का, त्याचं एक मोठं उत्तर इथे आहे.

तिरकस
बखर चांगली आहे, पण ते ५ ते १० टक्के कुठे गेले?

पेशीबखर
येतोच. आल्फ्रेड नूडसन यांनी १९७१ मध्ये लहान मुलांना होणारा दृष्टिपटलाचा कॅन्सर घेतला. काही मुलांना तो अगदी लहानपणी, बऱ्याचदा दोन्ही डोळ्यांत होतो. काहींना जरा उशिरा आणि एकाच डोळ्यात. त्यांनी आकडेवारीवरून ताडलं, की पहिल्या मुलांमध्ये एक प्रत जन्मापासूनच बिघडलेली आहे, प्रत्येक पेशीत, दुसरी बिघडायचीच काय ती बाकी. उरलेल्या मुलांमध्ये मात्र दोन्ही बिघाड एकाच पेशीत नव्याने घडावे लागतात. ते जनुक प्रत्यक्ष हाती लागलं १९८६ मध्ये, तर्क खरा निघाला.

म्हणजे वारशाने येतो तो पहिला बिघाड, कॅन्सर नव्हे. 'बीआरसीए१' जनुकात घातक बदल घेऊन जन्मलेल्या बाईला आयुष्यात स्तनाचा कॅन्सर होण्याची शक्यता साधारण ६० ते ७० टक्के. खूप आहे, पण १०० नाही. त्यामुळे 'आनुवंशिक कॅन्सर'सुद्धा जरा सैलच. 'कॅन्सरचा आनुवंशिक धोका' म्हटलं तर चपखल.

काना-मात्रा
'जन्मजात' कुठे बसवायचं? वर्तमानपत्रं तिन्ही शब्द आलटून पालटून वापरतात.

पेशीबखर
त्याची वेगळी चूल. रक्ताचा कॅन्सर झालेल्या काही मुलांचे, जन्मल्यावर टाचेतून घेऊन जपून ठेवलेले रक्ताचे थेंब नंतर तपासले गेले. आजार वर्षांनंतर उद्भवला होता, पण दोन गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल त्या थेंबांत आधीच होती. बदल गर्भात, बाळाच्या रक्तपेशीत झालेला. म्हणजे बदल जन्मजात, आजार जन्मजात नाही, आणि आनुवंशिक तर दोन्ही नाहीत.

काना-मात्रा
'कौटुंबिक'ही त्याच रांगेत घाला. एका घरात तिघांना झाला एवढंच तो शब्द सांगतो. कारण जनुक असेल, घरातला धूर असेल, योगायोगही असेल.

तिरकस
पण मग सगळं 'जनुकीय' म्हणून मोकळे होऊ नका. एकही अक्षर न बदलता, डीएनएवर मेथिल नावाचे छोटे रासायनिक गट चिकटून अडवणारं जनुक गप्प होऊ शकतं. त्याला 'अधिजनुकीय' म्हणतात. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमध्ये तर एचपीव्ही विषाणूचं एक प्रथिन पेशीकडूनच पी५३ नष्ट करवतं, त्याचं जनुक बहुधा शाबूतच असतं.

पेशीबखर
मान्य. तरी त्या पेशींतही पुढे इतर जनुकांत बदल साचतातच. 'मुळात जनुकीय' चालेल, 'केवळ जनुकीय' नको.

शब्दांकुर
लेखात शेवटी हे आहे: 'गाठीच्या जनुकीय चाचणीत उत्परिवर्तन आढळल्यास नातेवाइकांनीही तपासणी करून घ्यावी.' आता हे वाचून मलाच शंका येतेय.

पेशीबखर
यायलाच हवी. गाठीत उत्परिवर्तनं, म्हणजे डीएनएतले बदल, सापडणारच, म्हणजे या वाक्याने सरसकट सगळे नातेवाईक रांगेत उभे राहतील. गाठीतला बदल बहुधा गाठीपुरता असतो. असं करा: 'गाठीत आढळलेला बदल आनुवंशिक असल्याची शंका डॉक्टरांना आली, तर रुग्णाच्या रक्ताची वेगळी चाचणी करतात. तोच बदल तिथेही आढळला, तर नातेवाइकांच्या तपासणीचा विचार होतो.'

तिरकस
'रक्ताची'च्या जागी 'निरोगी पेशींची' करा. रक्ताचाच कॅन्सर असेल तर रक्तात रोगट पेशी असतात, तिथे त्वचेचा नमुना घ्यावा लागतो.