पीचच्या खोडातून डिंक येत आहे, मदत हवी आहे

नमस्कार. परतवाड्याकडच्या आमच्या शेतात संत्र्याच्या बांधाला, कमी थंडीत फळणाऱ्या 'शान-ए-पंजाब' जातीची पीचची काही झाडे हौसेने लावली आहेत. पावसाळा सरता सरता त्यांच्या फांद्यांच्या बेचक्यांतून पिवळसर डिंक पाझरू लागला असून वाळल्यावर त्याचे तांबूस खडे होतात. साल खरवडली असता आतला भाग तपकिरी दिसतो, मात्र भुसा किंवा छिद्र कुठेच आढळत नाही, म्हणून खोडकिड्याची शक्यता मी बाजूला ठेवली आहे. पानांवरही जांभळट ठिपके पडून छर्रे लागल्यासारखी भोके होत आहेत.

संत्र्याच्या डिंक्या रोगावर आपण लावतो ती बोर्डो पेस्ट (१ किलो मोरचूद म्हणजे तांब्याचा क्षार, १ किलो चुना, १० लिटर पाणी) या खोडांना चालेल का? पीचची हिरवी पाने तांबे सोसत नाहीत, त्यामुळे तांब्याची फवारणी पानगळीनंतर करतात; पण आमच्याकडच्या थंडीत पानगळ धड होतच नाही, मग फवारणी केव्हा करावी? काळ्या जमिनीत साचणारे पाणी हे या रोगाचे कारण असावे, असा माझा कयास आहे. रोगट फांद्या आताच छाटाव्यात की कोरड्या हवेची वाट पाहावी, हेही जाणकारांनी कृपया सांगावे.