अनुभव धागा: प्रदर्शनातल्या स्टॉलवर गिऱ्हाइकाला बोलतं कसं करता?

जानेवारीत सोलापुरात होम मैदानावर गड्डा, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेचा बाजार, भरतो, त्याच सुमारास सिद्धेश्वर कृषी प्रदर्शन असतं. निर्यातदार जानेवारीतच जर्मनीला फ्रँकफर्टच्या हाइमटेक्स्टील या घरगुती कापडाच्या प्रदर्शनाला जातात; टॉवेल-चादरवाले दिल्लीच्या भारत टेक्स या कापड प्रदर्शनालाही जातात. गणवेशवाल्यांचा ऑर्डर घेण्याचा हंगामही हाच. म्हणून हा धागा आत्ता काढतेय.

सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, टेरी टॉवेललाही आहे. माल दाखवायला आपण कमी पडत नाही. पण मी लहान कारखानदारांच्या विक्रीचं काम बघते आणि मला मनापासून वाटतं, की मालाबद्दल बोलणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत, गिऱ्हाइकाला बोलतं करणारे थोडे. स्टॉलचं भाडं, माणसांचा मुक्काम, नमुन्यांची वाहतूक हे सगळं वसूल होतं ते त्या बोलण्यातून. तुम्ही पहिलं काय विचारता? त्यातून पुढे काय घडलं? नुसते सल्ले नकोत, घडलेलं लिहा.

टेरी टॉवेल, अक्कलकोट रोड एमआयडीसी

आमच्याकडे येणाऱ्याचं पहिलं वाक्य ठरलेलं: "काय रेट?" रेट मी सांगतोच. पण सांगताना सोबत एक विचारतो, "धुलाई कुठं होते तुमची?"

दिल्लीच्या 'आहार' या हॉटेल-खाद्य व्यवसायाच्या प्रदर्शनात हॉटेलांची खरेदी बघणारे येतात. त्यातल्या एकांना हे विचारलं तर ते खुर्ची ओढून बसलेच. धुलाई बाहेरच्या कंत्राटदाराकडे, ड्रायरमध्ये वाळवणी, आणि काही धुण्यांनंतर टॉवेलची बॉर्डर आवळते. पाइल (टॉवेलवरचे सुताचे फासे) चांगला असला तरी टॉवेल जुनाट दिसतो, पाहुणे तक्रार करतात. हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं, कारण कुणी विचारलं नव्हतं. तोवर प्रत्येक स्टॉलवर ते एकच मागत होते: 500 जीएसएम (चौरस मीटरला 500 ग्रॅम), पांढरा.

पाइलचा भाग आणि सपाट बॉर्डर धुण्यात सारखी आकसत नाही, म्हणून ती आवळते. हे मी त्यांना टॉवेल पसरून दाखवलं. मग त्यांच्यासमोरच हिशेब मांडला. 75 बाय 150 सेंटिमीटरचा टॉवेल 500 जीएसएममध्ये साधारण 560 ग्रॅम भरतो, 450 मध्ये 505 च्या आसपास. डझनाला साडेसहाशे ग्रॅमच्या वर फरक. तेवढं सूत कमी, तेवढा ड्रायरचा वेळही कमी. त्यांना खरं तर जाड टॉवेल नकोच होता, लवकर वाळणारा आणि बॉर्डर नीट राहणारा हवा होता. सोलापूरला आल्यावर बॉर्डरची बांधणी बदलून नमुना काढला आणि दोन पाठवले, एक कोरा आणि एक भरपूर वेळा धुतलेला. धुतलेल्या नमुन्यानं ऑर्डर आणली. पहिली लहान होती. नंतर त्यांच्या दुसऱ्या हॉटेलांचीही आली.

माझं मत पक्कं आहे: हॉटेलवाल्याशी टॉवेलबद्दल नाही, लॉन्ड्रीबद्दल बोला.

चादर, घाऊक, चाटी गल्ली

वरच्या दादांचं पटलं, तरी एक सांगतो. घाऊकवाला गिऱ्हाईक मराठवाड्यातून, तेलंगणातून सकाळी निघून आलेला असतो, संध्याकाळची गाडी त्याला गाठायची असते. त्यानं रेट विचारला की रेट सांगायचा, तोही स्पष्ट. "तुम्हाला किती पाहिजे त्यावर आहे" असं म्हटलं की तो पुढच्या स्टॉलवर गेला समजा. मी तीन चादरी पुढ्यात टाकतो, तिन्हींचे भाव एका दमात सांगतो आणि गप्प बसतो. कुठल्या चादरीवर त्याचा हात राहतो ते बघायचं. मग विचारायचं, "ही तुमच्याकडं लग्नाच्या आहेरात जाते का घरच्या वापराला?" तिथनं बोलणं सुरू होतं. आहेरातली असेल तर रंग आणि पॅकिंग, वापरातली असेल तर वजन आणि रंग पक्का आहे का.

भाषेचंही लिहितो. आमच्याकडं तेलुगू घराघरात आहे. हैदराबादकडचा व्यापारी आला आणि त्याच्याशी तेलुगूत बोललं, की उधारीचा विषयसुद्धा तो मोकळेपणानं काढतो. उधारी किती दिवसांची हे पहिल्याच भेटीत बोलून घ्यावं, यात संकोच नको.

शालेय गणवेश, सासऱ्यांचा व्यवसाय, मार्केटिंग मी बघते

विजयपूर, कलबुर्गीकडचे दुकानदार स्टॉलवर येतात तेव्हा "बर्री, कूड्री" म्हणून आधी बसवते, पाणी देते. माझं माहेर अक्कलकोटचं, कन्नड येतं, त्याचा फार उपयोग झाला.

मी शाळा किती, विद्यार्थी किती हे विचारत नाही. ते सगळेच विचारतात आणि समोरचा आकडा फुगवून सांगतो. मी विचारते, "मागच्या वर्षी दिवाळीनंतर कुठला साइज मागायला पालक आले आणि तुमच्याकडं नव्हता?" या प्रश्नावर माणूस लगेच बोलायला लागतो. जूनमध्ये माल खपतो, अडचण पुढे असते. अधल्यामधल्या महिन्यात प्रवेश घेतलेली मुलं, एका वर्षात उंच झालेली मुलं, पँट फाटलेली मुलं. दुकानदाराला पाच-दहा नग हवे असतात, आणि एवढ्यासाठी कारखाना कापड लावत नाही. कापडाचा लॉट बदलला की शेडही जुळत नाही. शाळा ओरडते दुकानदारावर.

असं ऐकून ऐकून आम्ही पद्धतच बदलली. मोठी ऑर्डर घेताना त्याच लॉटमधलं थोडं कापड त्या शाळेच्या नावानं बाजूला ठेवतो आणि डिसेंबरपर्यंत फुटकळ साइज शिवून देतो. सासरे सुरुवातीला कापड अडकतं म्हणून राजी नव्हते. आता स्टॉलवर तेच आधी ही गोष्ट सांगतात. यामुळं मिळालेली गिऱ्हाइकं भावासाठी सोडून गेलेली नाहीत. एक दुकानदार तर पुढच्या प्रदर्शनात आपल्या साडूला घेऊन आले, त्यांचंही दुकान होतं.

लूमचे (यंत्रमागाचे) सुटे भाग आणि दुरुस्ती

माझा स्टॉल नसतो, मी फिरतो. एकच पाळतो: स्टॉलवर गिऱ्हाईक असेल तर तिथं थांबायचं नाही, पुढं जायचं. तो माणूस पैसे भरून विकायला उभा आहे, त्याला आपण विकायला जाणं बरं नाही. सकाळी दारं उघडल्यावर निवांत असतात सगळे. तेव्हा मशीनबद्दल काढावं. "रात्रपाळीत कुठलं लूम जास्त बंद पडतं?" एवढंच.

शेंगा चटणी आणि कडक भाकरी, महिला बचत गट

आम्ही मुंबईच्या महालक्ष्मी सरसला, म्हणजे बचत गटांच्या प्रदर्शनाला, आणि गड्ड्यातल्या स्टॉलवर असतो. चव द्यायची हे सगळ्यांना माहीत आहे. पण किरकोळ गिऱ्हाईक आणि दुकानदार यांच्याशी बोलणं वेगळं, हे सांगावंसं वाटतं.

घरासाठी घेणाऱ्या ताईंना आम्ही विचारतो, "मुलं तिखट खातात का?" त्याप्रमाणे डबा काढून देतो. दुकानदार चव घेऊन "छान आहे" म्हणतात आणि निघतात. त्यांना थांबवायचं तर विचारायचं, "तुमच्याकडची चटणी परत येते का ओ?" मग कळतं. पाकिटाला तेल सुटतं, लेबल तेलकट होतं, तारीख पुसते, गिऱ्हाईक हात लावत नाही. आमच्या अध्यक्षाबाईंनी हे वहीत लिहून घेतलं आणि पुढच्या वेळी जाड पाऊच केले, लेबल तेलानं खराब होणार नाही असं घेतलं. एफएसएसएआयचा नंबर, वजन, तारीख ठळक. त्याच दुकानदारांना फोन करून सांगितलं, "तुम्ही सांगितलेलं केलंय." त्यांच्याकडं आता आमची चटणी आणि कडक भाकरी दोन्ही जातात.

बॉयलर देखभाल, चिंचोळी

प्रदर्शनापेक्षा सकाळच्या व्यावसायिक बैठकांतून माझं जास्त काम होतं. तिथं प्रत्येकाला मिनिटभर मिळतं. "कुणाला बॉयलरचं काम असेल तर सांगा" असं म्हटलं तर कुणालाच काही आठवत नाही. मी म्हणतो, "टॉवेल रंगवणारा असा कोणी ओळखीचा आहे का, ज्याच्या बॉयलरचं प्रमाणपत्र येत्या दोन महिन्यांत संपतंय?" ते दरवर्षी नवं करावं लागतं, त्यामुळं असा कोणी ना कोणी असतोच. समोरच्याला लगेच एक चेहरा आठवतो. आणि ज्यानं नाव दिलं त्याला काम झालं किंवा नाही झालं, दोन्ही कळवायचं.

टॉवेल निर्यात

परदेशी खरेदीदाराची वेळ आधीच घेतलेली असते, ती फार तर दहा-पंधरा मिनिटांची. ओको-टेक्स (कापडात घातक रसायनं नसल्याचं प्रमाणपत्र) आहे का, कारखान्याचं सामाजिक ऑडिट (कामगारांच्या परिस्थितीची तपासणी) झालंय का, कमीत कमी ऑर्डर किती, हे पटापट विचारतात. उत्तरं कागदावर तयार ठेवा, म्हणजे उरलेला वेळ आपल्या प्रश्नांना मिळतो. माझा प्रश्न: "सध्याच्या पुरवठादाराकडून एक गोष्ट सुधारून मिळाली तर कुठली हवी?" बहुतेकांकडून भावाआधी वेळेवर माल हे उत्तर आलंय.

ते बोललेलं त्यांच्याच शब्दांत कार्डामागं लिहितो आणि त्याच रात्री हॉटेलवरून मेल करतो. मेलमध्ये कॅटलॉग नाही, फक्त ते काय म्हणाले, आपण काय पाठवणार आणि कुठल्या तारखेला. नमुना त्या तारखेच्या आत सोलापुरातून निघालाच पाहिजे, मग कारखान्यात दुसरं कितीही काम असो.