घरच्या खोलीत गायन ध्वनिमुद्रित करण्यासाठी कोणता कंडेन्सर मायक्रोफोन निवडावा?

घरातील एका लहान खोलीत गायन ध्वनिमुद्रित करण्यासाठी मला कार्डिऑइड (मुख्यतः समोरचा आवाज टिपणारा) कंडेन्सर (बारीक आवाजही टिपणारा, विजेवर चालणारा संवेदनशील) मायक्रोफोन घ्यायचा असून त्याच्या निवडीबाबत जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे. माझ्या ऑडिओ इंटरफेसमध्ये (मायक्रोफोन संगणकाला जोडणाऱ्या उपकरणात) ४८ व्होल्ट फँटम पॉवरची, म्हणजे अशा मायक्रोफोनला केबलमधूनच वीज पुरवण्याची, सोय आहे, त्यामुळे यूएसबी मायक्रोफोनचा विचार मी केलेला नाही.

ऑडिओ-टेक्निका एटी२०२० आणि रोड एनटी१-ए या दोहोंत माझे मन अडकले आहे. पहिल्याचा स्वतःचा अंगभूत आवाज (मायक्रोफोनमध्येच निर्माण होणारी सूक्ष्म खरखर) २० डेसिबल, तर दुसऱ्याचा केवळ ५ डेसिबल सांगितला जातो. कागदावर हा फरक मोठा दिसतो, परंतु ज्या खोलीत पंख्याची घरघर आणि रस्त्यावरची वर्दळ मुळातच ऐकू येते, तिथे तो प्रत्यक्षात कितपत जाणवेल, याची मला शंका आहे. शिवाय माझा आवाज तार सप्तकात थोडा टोकदार होतो आणि ‘स’, ‘श’ ही अक्षरे टोचतात, म्हणून वरच्या कंप्रतांना अधिक उठाव देणारा मायक्रोफोन मला मानवेल का?

भिंतींवर जाड रजया टांगून घुमारा काहीसा कमी केला आहे. अशा खोलीत कंडेन्सरऐवजी डायनॅमिक (तुलनेने कमी संवेदनशील) मायक्रोफोनच अधिक योग्य ठरेल, असे कोणाचे अनुभवांती मत असल्यास तेही कारणांसह जरूर कळवावे.