विषय: लेकीला वाचता येईल असं बायबल हवंय

नमस्कार मंडळी,

आपल्या या ईमेल लिस्टवर एरवी गणपतीची वर्गणी आणि भारतात जाणाऱ्या सोबतीची चौकशी असते. माझा प्रश्न वेगळा आहे, पण आपल्यात ख्रिस्ती कुटुंबं आहेत आणि शाळांमध्ये काम करणाऱ्याही कुणी असतील, म्हणून विचारते.

लेक नऊ वर्षांची आहे. जन्मापासून अल्बिनिझम, म्हणजे त्वचा, केस आणि डोळ्यांत रंगद्रव्य कमी असतं; सोबत निस्टॅगमस, म्हणजे बुबुळं सतत हलत राहतात. चष्म्याने थोडा फरक पडतो, पूर्ण नाही. संडे स्कूलमध्ये मुलांनी आळीपाळीने मोठ्याने वाचायचं असतं. गेल्या रविवारी तिने पान नाकाला लावलं, दोन ओळी वाचल्या, तिसरी सुटली. बाकीची मुलं थांबून राहिली. गाडीत बसल्यावर म्हणाली, "आई, मला वाचता येतं गं. ते पुस्तकच मला दिसत नाही."

ऑनलाइन 'लार्ज प्रिंट' लिहिलेलं एक मागवलं. अक्षर घरातल्या साध्या बायबलपेक्षा किंचितच मोठं निघालं, परत पाठवलं. कोणतं घ्यावं? आणि सासूबाई नगरहून आल्या आहेत, त्यांची इच्छा आहे की नातीने मराठीतही थोडं वाचावं.

लेकीची आई

---

नमस्कार ताई,

मी इथल्या शाळांमध्ये दृष्टी अधू असलेल्या मुलांना शिकवते, चौदा वर्षं झाली. मेल वाचल्यावर राहवलं नाही. लेकीने सांगितलं ते अगदी बरोबर आहे. उणीव तिच्या वाचण्यात नाही, छपाईत आहे.

आधी एक गोष्ट: कव्हरवरच्या शब्दांवर जाऊ नका. छापील अक्षराचा आकार पॉइंटमध्ये मोजतात. बायबल छापणारे नऊ-दहा पॉइंटला 'लार्ज' म्हणतात, बारा ते चौदाला 'जायंट'. आमच्या कामात मोठं अक्षर 18 पॉइंटपासून सुरू होतं. केंटकीतल्या लुइव्हिलची अमेरिकन प्रिंटिंग हाउस फॉर द ब्लाइंड ही संस्था 1858 पासून या कामात आहे, तिचा दंडकही तोच. प्रोटेस्टंट बायबलमध्ये 66 पुस्तकं, 1,189 अध्याय. ते सगळं एका बांधणीत बसवायचं म्हणून अक्षर बारीक होतं आणि कागद पातळ होतो.

म्हणून खरेदीआधी माप घ्या. एकाच धाटणीचे चार वेगवेगळे उतारे घ्या आणि 14, 18, 24 आणि 30 पॉइंटमध्ये छापा. वेगवेगळे अशासाठी की दुसऱ्यांदा वाचताना मुलं पाठ झालेलं म्हणतात. प्रत्येक वाचायला किती वेळ लागतो ते घड्याळात बघा. अक्षर वाढेल तसा वेग वाढतो आणि एका मापापुढे वाढायचा थांबतो. ते तिचं माप. त्याहून मोठं करू नका. ओळीत दोन-तीनच शब्द मावायला लागले की नजर सारखी पुढच्या ओळीवर उडी मारत राहते, आणि निस्टॅगमस असलेल्या मुलाला नेमकं तेच दमवतं. शाळेच्या दृष्टी-तपासणीच्या अहवालातही हे माप असायला हवं, मागून घ्या.

मग कागद. बायबलच्या पातळ पानातून मागची अक्षरं पुढे दिसतात. पानामागे काळा कार्डपेपर सरकवा, मागचं पुष्कळसं दिसेनासं होतं. हा उपाय आजच करता येईल, तिच्या वर्गातल्या पुस्तकालाही. अल्बिनिझममध्ये उजेड खुपतो, तेव्हा गुळगुळीत चकाकणारं पान नको आणि खिडकी तिच्या पाठीमागे असू द्या. दोन रकान्यांऐवजी एक रकाना. येशूचे शब्द लाल शाईत असलेली आवृत्ती टाळा. आपल्याला ती सुंदर वाटते, पण अधू नजरेला लाल अक्षर काळ्यापेक्षा फिकं पडतं, आणि मुलांना नेमके तेच शब्द वाचायचे असतात.

भाषेबद्दल मी आग्रहाने सांगेन. न्यू इंटरनॅशनल रीडर्स व्हर्जन हे इंग्रजी भाषांतर तिसरीच्या मुलांच्या वाचनाला धरून केलेलं आहे, वाक्यं छोटी आहेत. डोळस मुलासाठी ही नुसती सोय आहे. तुमच्या लेकीसाठी त्याहून जास्त आहे, कारण जागा हरवायच्या आत ती पूर्णविरामाला पोहोचते आणि अर्थ हातात राहतो. मात्र वर्गात कोणतं भाषांतर आहे ते विचारा. तिचे शब्द इतरांपेक्षा वेगळे निघाले तर ती गोंधळेल.

आणि सगळं बायबल एका पुस्तकात हवंच असं नाही. मार्कचं शुभवर्तमान चारांत सगळ्यात छोटं, 16 अध्यायांचं. वर्ल्ड इंग्लिश बायबल या भाषांतरावर कॉपीराइट नाही. तिच्या मापात मार्क छापून स्पायरल करून घ्या, पुस्तक टेबलावर सपाट उघडं राहतं. उरलेलं टॅब्लेटवर वाचू दे, अक्षर हवं तेवढं करता येतं. ऐकण्यासाठी लायब्ररी ऑफ काँग्रेसची नॅशनल लायब्ररी सर्व्हिस आहे, बोलकी पुस्तकं फुकट पाठवतात. अर्जावर डोळ्यांच्या डॉक्टरांची सही चालते.

पान नाकाला लावते म्हणून तिला कुणी टोकू नये, सासूबाईंनीही नाही. त्याने डोळे बिघडत नाहीत. तिरकं स्टँड आणा, मान वाकणार नाही.

तुमची ताई

---

ताईंनी सगळं सांगितलंच आहे, मी मराठीपुरतं बोलतो.

देवनागरीला इंग्रजीचं माप लावू नका. वर वेलांटी, मात्रा, रफार आणि खाली उकार, यांत जागा जाते, त्यामुळे त्याच पॉइंटला मूळ अक्षर लहान दिसतं. अधू नजरेला आधी अनुस्वार आणि रफार दिसेनासे होतात. दोन ओळींत अंतर मोकळं ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीत अडकतो.

सोप्या मराठीचा विचार निघाला की मला पंडिता रमाबाई आठवतात. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल मराठीत आणलं, साध्या बायकांना कळावं म्हणून. त्या 1922 साली गेल्या, संपूर्ण बायबल 1924 साली निघालं. त्यांच्या कन्या मनोरमाबाईंनी तिथेच अंध मुली-बायकांना ब्रेल शिकवलं. आजच्या मराठीत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं 'सुबोध बायबल' आहे. पण तो ग्रंथ जाड आहे, लेकीच्या हातात देऊ नका. सासूबाईंनी वाचावं, तिने ऐकावं. तिला स्वतः वाचायला स्तोत्र 23 पुरे, सहाच वचनं आहेत. मी 30 पॉइंटला टाइप करून पाठवतो.

नगरकर काका

---

ताई, काका,

काल माप घेतलं. 14 ला पहिल्याच ओळीत थांबली. 18 ला वाचलं, पण बोट ठेवून. 24 ला बोट आपोआप सुटलं. 30 ला वेग तेवढाच राहिला, नुसती पानं वाढली. तिचं माप 24.

वर्गात रीडर्स व्हर्जनच आहे. बाईंना फोन केला, त्यांनी पुढच्या रविवारचा उतारा आधीच सांगितला, मार्कच्या चौथ्या अध्यायातलं वादळ. मी तो 24 मध्ये एका पानावर उतरवून दिला. वर्गाच्या पुस्तकासाठी काळा कार्डपेपर तिने स्वतः कापून बॅगेत ठेवलाय. सासूबाईंना नाकाला पान लावण्याचं समजावून सांगितलं. त्या काही बोलल्या नाहीत, पण संध्याकाळी दिवा तिच्या मागच्या बाजूला सरकवून ठेवला.

काका, स्तोत्र इंग्रजीच्या मापावर जाऊ न देता 30 लाच पाठवा, ओळी मोकळ्या ठेवून. आणि कुणाकडे जुनं तिरकं स्टँड पडून असेल तर कळवा, मी येऊन घेऊन जाईन.

लेकीची आई